पसंतीक्रम

टोलीडो, ओहायो. मार्चचा पहिला मंगळवार.
कोवाल्चिकबाईंच्या तळघरात हीटर धापा टाकतोय,
आत घेताना ठीक, सोडताना शिट्टी;
स्टेथो न लावताही निदान होईल असा.
उद्या रात्री नऊला यादी बंद.

सात नावं आहेत माझ्याकडे.
एकशे बासष्ट ठिकाणी अर्ज केले होते, ते आता बोलायचं नाही.

आधी तक्ता केला, शहाण्यासारखा:
व्हिसा, पगार, रात्रपाळ्या, घरभाडं,
पुढे कार्डिओलॉजीला किती जण गेले.
दहापैकी गुण, शेवटी बेरीज.
डेट्रॉइटजवळचं मोठं हॉस्पिटल एकाहत्तर,
यंग्सटाउन अठ्ठावन्न.
मग रात्रपाळ्यांचं वजन वाढवलं. मग घरभाड्याचं.
मग ‘पार्किंग’ असा नवा रकाना उघडला,
आणि माझ्याकडे तर गाडीच नाही.
तेव्हा कळलं, तराजूच्या दांडीवर
माझंच बोट आहे.

मोठ्या हॉस्पिटलच्या डायरेक्टरांच्या चष्म्यात
मुलाखतभर एक दुसरीच खिडकी उघडी होती.
मी सांगत होते माझ्या हातून गेलेल्या पहिल्या पेशंटबद्दल
आणि त्यांच्या काचांवर ईमेल सरकत होते, खालून वर.
नंतर पत्र आलं, फार सुरेख: आमच्या यादीत तुम्ही वर आहात.
न्यू जर्सीहून श्रीरंगदादा: “वेडी आहेस का? एक नंबरला टाक.”

ईरीचा रेसिडेंट म्हणाला, आम्ही इथं एका कुटुंबासारखे.
तीनदा म्हणाला.
तिसऱ्यांदा त्याने डोळे चोळले
आणि मला ते कुटुंब दिसलं.

यंग्सटाउनला मात्र बसने गेले होते.
कँटीनमध्ये इफेओमा, तिसऱ्या वर्षाची,
व्हिसाचं सांगत होती: “खरं सांगायचं तर आमच्याकडे फक्त...”
आणि उठली.
पलीकडच्या टेबलावर एक म्हातारा
एका हाताने पुडिंगची डबी उघडू पाहत होता,
दुसरा हात मांडीवर नुसता ठेवलेला.
तिने झाकण सोललं, चमचा त्याच्या चालत्या हाताकडे सरकवला,
परत आली आणि म्हणाली, “...जे-वन.”
ह्याला रकाना नाही.

बारावीनंतर बाबांनी असाच फॉर्म भरला होता,
बार्शीत, वीज मंडळाच्या ऑफिसातल्या टेबलावर, आधी पेन्सिलीने.
मागच्या वर्षी कुठलं कॉलेज कितीला बंद झालं
ते त्यांना तोंडपाठ.
वर छापलं होतं: पसंतीक्रम.
क्रम सगळा बरोबर होता.
पसंती मला कुणी विचारली नाही,
आणि विचारली असती तरी सुचली नसती.

आता हे मशीन म्हणतं
(तीनदा वाचलं, नियम तसाच आहे):
कोण घेईल याचा अंदाज बांधू नकोस,
हवं ते वर लिही.
वरचं हुकलं म्हणून खालचं हुकत नाही.
इतकी साधी गोष्ट, आणि माझा हात माउसवरून उचलला जातो.
तिसाव्या वर्षी विचारलं जातंय, काय हवं,
तेही माणसाने नाही.

यंग्सटाउन एक.
मोठं हॉस्पिटल दोन; मी काही संत नाही,
आणि श्रीरंगदादांना तोंड दाखवायचंय.
ईरी चार, त्या चोळलेल्या डोळ्यांवर राग धरवेना.
सातवं काढूनच टाकलं. तिथं विचारलं होतं, मूल कधी.
तिथं जाण्यापेक्षा वर्षभर ह्याच तळघरात,
असं त्याचा अर्थ होतो. पोटात गोळा आला, तरी काढलं.

प्रमाणित करा.
पासवर्ड. चुकला. पुन्हा.

बार्शीत सकाळचे सात.
“भरलास का?”
भरला.
पहिलं काय ते सांगितलं. ते थोडे थांबले, मग सवयीने:
“मागच्या वर्षी कितीला बंद झालं होतं गं ते?”
माहीत नाही, बाबा. मी पाहिलंच नाही.
“बरं,” म्हणाले,
आणि बशी ठेवल्याचा आवाज आला.